गाठीपाशीच उघडणारी कुपी

२०२१च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांनी एक अवघड शब्द पाठ केला होता. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार होऊ लागला आणि त्यावरचे ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी’ हे इंजेक्शन मिळवण्यासाठी नातेवाईक औषधांची दुकाने आणि सरकारी कचेऱ्या पालथ्या घालू लागले. यातले ॲम्फोटेरिसिन हे औषध जुने आहे, १९५०च्या दशकातले. नुसते ते मिळतही होते, परंतु ते मूत्रपिंडांना फार त्रास देते. खरी धावपळ चालली होती ती ‘लायपोसोमल’ या विशेषणासाठी. तेच औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पिशवीत घालून दिले, की मूत्रपिंडे बरीचशी वाचतात. या पिशव्या आपल्याला अगदी परक्या नव्हत्या. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या अशा औषधाच्या चाचण्या १९९०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाल्या होत्या.

या लेखात पाहायचे आहे ते पुढचे पाऊल. पिशवी औषध घेऊन रक्तातून फिरेल, पण बंद राहील. आपण शरीरातल्या एखाद्या जागेवर बाहेरून ध्वनी रोखायचा. ती जागा चार-पाच अंशांनी गरम झाली, की पिशवी तिथेच उघडेल.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते मला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी. काही वर्षांपूर्वी त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेआधी गाठ लहान व्हावी म्हणून त्यांना शिरेतून लाल रंगाचे औषध देत होते. भेटायला गेलो, तर निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली तरी बाईंमधली शिक्षिका जागी होती. म्हणाल्या, “अरे, गाठ आहे एका जागी. मग केस का गळतात? आणि हे डॉक्टर सारखे माझे हृदय का तपासतात? औषध जिथे पाहिजे तिथेच सोडता येत नाही का तुम्हा लोकांना?” मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र वाचायला बसलो.

ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याच्या कुळाची सुरुवात इटलीत ॲड्रिॲटिक समुद्राजवळच्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून झाली. म्हणूनच त्याचे व्यापारी नाव ॲड्रिआमायसिन. विभाजन पावणाऱ्या पेशीच्या डीएनएमध्ये त्याचा चपटा रेणू शिरून बसतो आणि पेशीला डीएनएची नक्कल करणे अशक्य होते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागतात, तशा केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, अस्थिमज्जेतल्या पेशीही विभागतात. औषधाला त्यांतला फरक कळत नाही. हृदयाचे दुखणे वेगळे आहे. हृदयाच्या स्नायुपेशी फारशा विभागत नाहीत, पण हे औषध त्यांना वेगळ्या मार्गाने इजा करते आणि ती इजा साठत जाते. म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम एवढीच मात्रा एका माणसाला आयुष्यभरात देतात. एका वेळी ६० मिलिग्रॅम दिले, तर आठ-नऊ वेळांत आयुष्याचा वाटा संपला. मग गाठ उरलेली असली तरी हे औषध हाताशी असून नसल्यासारखे होते.

मेदाची पिशवी

बिस्किटाच्या किंवा चॉकलेटच्या वेष्टनावर ‘लेसिथिन’ हा शब्द आपण वाचलेला असेल. अंड्याच्या पिवळ्या बलकातही ते भरपूर असते. लेसिथिनचा रेणू म्हणजे एक डोके आणि दोन लांब शेपट्या. डोक्यात फॉस्फेट असते, त्याला पाणी प्रिय. शेपट्या मेदाम्लांच्या, त्यांना पाण्याचे वावडे. असे पुष्कळ रेणू पाण्यात टाकले, की ते आपोआप दोन थरांत लागतात, डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. आपल्या प्रत्येक पेशीचे पटल मुळात असेच असते. मात्र या दुहेरी थराच्या कडा उघड्या राहिल्या, तर तिथल्या शेपट्यांना पाणी लागणार. ते टाळण्यासाठी थर वाकतो, कडा जुळतात आणि बंद गोळा तयार होतो. गोळ्याच्या पोटात पाणी अडकते.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे गोळे पाहिले. ते पेशीपटलाचा अभ्यास करत होते. औषधाचा विचार त्यांच्या मनात नव्हता. ‘लायपोसोम’ हे नाव नंतर पडले.

औषधासाठी वापरायचे लायपोसोम साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचे असतात. केसाच्या जाडीत असे सातशे-आठशे गोळे ओळीने बसतील. एका गोळ्यात किती रेणू असतील, याचा हिशेब वर्गात सहज करता येतो. बाहेरच्या थराची त्रिज्या ५० नॅनोमीटर, आतल्या थराची सुमारे ४५. दोन्ही गोलांची पृष्ठफळे काढून बेरीज केली, की सुमारे ५७,००० चौरस नॅनोमीटर येतात. एक रेणू साधारण ०.६५ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो. म्हणजे ८५ ते ९० हजार रेणू झाले. एवढ्याशा पिशवीत डॉक्सोरुबिसिनचे दहा हजारांहून अधिक रेणू भरता येतात.

भरण्याची युक्ती रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. पिशवीच्या आत आम्लधर्मी द्रावण ठेवतात, बाहेर जवळजवळ उदासीन. डॉक्सोरुबिसिन हे सौम्य अल्कधर्मी आहे. विद्युतभार नसलेला त्याचा रेणू पटलातून आत सरकतो, तिथे त्याला प्रोटॉन चिकटतो, रेणू भारित होतो आणि भारित रेणूला मेदाचा थर ओलांडून परत येता येत नाही. उंदराच्या सापळ्यासारखीच रचना, आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही.

अशा लायपोसोममधले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळून रुग्णांपर्यंत पोहोचले. हृदयाचा त्रास त्याने खरोखरच कमी झाला. पण एक अडचण राहिली. रक्तात पिशवी फुटू नये म्हणून ती इतकी पक्की केली होती, की गाठीत पोहोचल्यावरही ती औषध फार सावकाश सोडते. शिवाय गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यांतून पिशव्या आपोआप गाठीत झिरपतील, हा भरवसा उंदरांच्या बाबतीत जेवढा खरा ठरला तेवढा माणसांच्या बाबतीत ठरला नाही. डबा भक्कम झाला, पण उघडणार कसा आणि कुठे?

खोबरेल तेल आणि १०६चा ताप

डिसेंबरात सकाळी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. ती उन्हात ठेवावी लागते. स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे तेल मात्र त्याच थंडीत वाहते असते. खोबरेलातली बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे सरळ साखळीची. ती एकमेकींना चिकटून नीट रचली जातात आणि सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली तेल थिजते. शेंगदाण्याच्या तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्यांना दुहेरी बंधामुळे बाक असतो. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसेच हे आहे.

लायपोसोमच्या भिंतीतल्या शेपट्यांचेही असेच थिजणे आणि वितळणे होते. फरक एवढाच, की इथे पिशवी फुटत नाही. थर थरच राहतो. त्यातल्या शेपट्या ताठ उभ्या राहण्याऐवजी वळवळू लागतात. आता आकडे पाहा. दोन्ही शेपट्या १४ कार्बनच्या असतील, तर हे अवस्थांतर सुमारे २४ अंश सेल्सिअसला होते. १८ कार्बनच्या असतील, तर ५५ला. आणि १६ कार्बनच्या, म्हणजे पामिटिक आम्लाच्या असतील, तर ४१ला! शरीराचे तापमान ३७. म्हणजे माणसाच्या अंगात ही भिंत थिजलेली राहील आणि फक्त चार अंश वाढले की वितळेल. घरगुती भाषेत सांगायचे तर १०६ फॅरनहाइटचा ताप. निसर्गात सर्रास सापडणाऱ्या एका मेदाम्लाने असा सोयीचा आकडा द्यावा, हा आपल्या नशिबाचा भाग म्हणायचा.

१९७८ साली मिल्टन यॅटविन, जॉन वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच कल्पना मांडली. त्यांनी नियोमायसिन भरलेले लायपोसोम जीवाणूंसोबत ठेवून गरम केले. अवस्थांतराच्या तापमानाला औषध बाहेर पडले आणि जीवाणू मेले.

यात एक बारकावा आहे आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. भिंत पूर्ण वितळल्यावर ती सर्वाधिक गळत असेल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. १९७३ सालीच पापाहाजोपूलोस आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते, की गळती सर्वांत जास्त होते ती नेमकी अवस्थांतराच्या तापमानाला. त्याच्या खाली कमी आणि वरही कमी. का? थिजलेली भिंत म्हणजे एकसंध फरशी नसते. वेगवेगळ्या कारागिरांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून फरशी बसवत यावे आणि मध्ये त्यांच्या ओळी जुळू नयेत, तसे तिचे तुकडे असतात. वितळायला सुरुवात होते ती या सांध्यांपासून. अर्धे ताठ, अर्धे वळवळणारे अशा अवस्थेत सांधे सर्वांत मोकळे असतात.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डेव्हिड नीडहॅम यांनी या सांध्यांचाच फायदा घेतला. त्यांनी भिंतीत थोडे एकाच शेपटीचे रेणू मिसळले. डोके मोठे आणि शेपटी एकच, म्हणजे आकार पाचरीसारखा. तापमान वाढले, की हे रेणू सांध्यांमध्ये गोळा होऊन तिथल्या भोकांच्या कडा टिकवून धरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात जुन्या लायपोसोमना औषध सोडायला जो वेळ लागे, त्याऐवजी काही सेकंदांत बहुतेक औषध बाहेर पडले.

सेकंद इतके का महत्त्वाचे? कारण रक्त थांबत नाही. गाठीच्या केशवाहिन्यांतून रक्त काही सेकंदांत पार होते. तेवढ्यात पिशवी उघडली नाही, तर ती गरम जागेतून बाहेर पडून पुन्हा थंड होते आणि बंद राहते. पूर्वीची कल्पना अशी, की पिशव्या आधी गाठीत झिरपाव्यात, साठाव्यात आणि मग आपण त्या उघडाव्यात. नव्या पिशवीने हा क्रमच बदलला. झिरपण्याची वाट पाहायची गरज नाही. रक्तवाहिनीतच, गरम जागेतून जाताना पिशवी रिकामी होईल. मोकळा झालेला छोटा रेणू वाहिनीच्या भिंतीतून शेजारच्या पेशींत शिरेल, आणि मागून नव्या भरलेल्या पिशव्या येतच राहतील. याची किंमतही आहे. चटकन उघडणारी पिशवी ३७ अंशांनाही थोडी गळतेच. म्हणून औषध शिरेत देणे आणि गाठ तापवणे यांची वेळ जमवावी लागते.

ध्वनीचा अंतर्वक्र आरसा

आता खोल यकृतातली एक गाठ आजूबाजूला न भाजता ४१-४२ अंशांपर्यंत कशी न्यायची? प्रकाश तिथवर पोहोचत नाही. रेडिओलहरी पोहोचतात, पण त्या बारीक जागेवर एकवटता येत नाहीत, कारण कोणतीही लहर आपल्या तरंगलांबीपेक्षा फार लहान ठिपक्यात गोळा करता येत नाही. एक मेगाहर्ट्झ म्हणजे आकाशवाणीच्या मध्यम लहरींची वारंवारिता. हवेतली त्यांची तरंगलांबी ३०० मीटर. त्याच वारंवारितेचा ध्वनी घ्या. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो, म्हणून त्याची तरंगलांबी येते दीड मिलिमीटर. कानाला ऐकू न येणारा हा श्राव्यातीत ध्वनी शरीरात काही सेंटिमीटर सहज जातो, हे सोनोग्राफीमुळे सर्वांना माहीत आहे.

दाबविद्युत स्फटिकाला उलटसुलट विद्युतदाब दिला, की तो आकसतो-फुगतो आणि ध्वनी निर्माण करतो. सोनोग्राफीत असा ध्वनी सौम्य असतो. आता हाच स्फटिक वाटीसारखा अंतर्वक्र करा. वाटीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेली लहर केंद्राशी एकाच वेळी पोहोचते. शाळेत आपण भिंगाने सूर्याचा ठिपका पाडून कागद जाळतो, तेच इथे. समजा वाटीचा व्यास १० सेंटिमीटर आणि नाभीवरचा ठिपका २ मिलिमीटरचा. क्षेत्रफळांचे गुणोत्तर २,५००. म्हणजे त्वचेवर पसरलेली ऊर्जा ठिपक्यावर अडीच हजार पट दाट झाली. प्रत्यक्षात वाटेत काही ऊर्जा शोषली जाते. एक मेगाहर्ट्झला दर सेंटिमीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल धरला, तर ८ सेंटिमीटर खोलीवर ४ डेसिबल घट होते, म्हणजे ४० टक्के ऊर्जा उरते. तरीही हजारपट दाटी हाती राहते. ठिपका आणखी बारीक हवा म्हणून वारंवारिता तिप्पट केली, तर मात्र घट १२ डेसिबलची होते आणि जेमतेम ६ टक्के ऊर्जा पोहोचते. खोल गाठींसाठी एक मेगाहर्ट्झच्या आसपासच का राहतात, हे विद्यार्थ्यांना यावरून स्वतः काढता येईल.

नाभीचा आकार साधारण तांदळाच्या दाण्यासारखा, लांबट. गाठ मोठी असेल, तर हा दाणा तिच्यात फिरवत न्यावा लागतो.

याच साधनाने ऊती ६० अंशांपर्यंत तापवून गाठ शिजवून टाकण्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींसाठी वापरातही आहेत. इथे तसे करून चालणार नाही. फार तापवले, तर केशवाहिन्या बंद पडतात, आणि रक्त थांबले म्हणजे औषध आणणारी वाटच बंद झाली. दुधाला उकळी येऊ न देता कोमट ठेवायचे, तेही कित्येक मिनिटे, असे हे नाजूक काम आहे. त्यात बरगड्या ध्वनी शोषतात आणि तापतात, आतड्यातला वायू ध्वनी परतवतो, श्वासाबरोबर यकृत खाली-वर होते आणि शेजारची मोठी रक्तवाहिनी उष्णता वाहून नेते.

शिवाय आत किती अंश झाले, ते कळायचे कसे? एक उत्तर एमआरआय यंत्रात आहे. तापमान वाढले, की पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि चुंबकीय क्षेत्रातल्या हायड्रोजन केंद्रकांची वारंवारिता दर अंशामागे दशलक्षात सुमारे एक शतांश भागाने सरकते. एवढासा फरक हे यंत्र टिपते आणि शरीराला भोक न पाडता तापमानाचा नकाशा काढते. मेदात ही युक्ती चालत नाही, कारण तिथे पाण्यासारखे बंध नसतात.

माणसांवर काय दिसले

इथे मी जरा सावधपणे लिहिणार आहे. नीडहॅम यांच्या लायपोसोमपासून ‘थर्मोडॉक्स’ नावाचे औषध तयार झाले. त्याची पहिली मोठी परीक्षा ध्वनीबरोबर झालीच नाही. यकृताच्या गाठीत सुई घालून रेडिओऊर्जेने ती भाजायची आणि न भाजल्या गेलेल्या कोमट कडेला हे औषध मोकळे व्हावे, अशी ती योजना होती. सुमारे ७०० रुग्णांवरच्या या चाचणीचा निकाल जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाला. औषधाने आजाराची वाढ लांबली नव्हती. मग आकडेवारी पुन्हा चाळताना असे दिसले, की ज्यांची गाठ ४५ मिनिटे किंवा अधिक वेळ तापवली होती, त्यांच्यात फरक असावा. तर्काला धरूनच होते ते. म्हणून तेवढा वेळ तापवण्याची अट घालून दुसरी मोठी चाचणी झाली, आणि २०२० मध्ये तिच्यातही फायदा दिसत नसल्याचे स्पष्ट झाले. निकाल लागल्यानंतर आकड्यांतून शोधलेला गट आणि आधी ठरवून तपासलेला गट यांत केवढे अंतर असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला संख्याशास्त्राच्या पुस्तकातही सापडलेले नाही.

ध्वनीबरोबरची परीक्षा ऑक्सफर्डमध्ये झाली, लहान पण विचारपूर्वक आखलेली. कॉन्स्टँटिन कुसिओस आणि मार्क मिडलटन यांच्या गटाने यकृतात गाठी असलेल्या दहा रुग्णांना थर्मोडॉक्सची एकेक मात्रा दिली, आणि भूल देऊन शरीराबाहेरून एका गाठीवर ध्वनी रोखला. पहिल्या सहा जणांत गाठीत बारीक तापमापक घातला होता. त्यावरून अंदाज पक्का झाल्यावर पुढच्या चौघांत तोही वगळला. ध्वनी देण्याआधी आणि नंतर सुईने गाठीचे तुकडे काढून त्यांतले औषध मोजले. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या अहवालानुसार गाठीतले डॉक्सोरुबिसिन सरासरी ३.७ पट झाले. दहापैकी सात जणांत ते दुप्पट ते दहापट वाढले. यावरून रुग्ण अधिक जगतात, असे म्हणता येत नाही. तो प्रश्न या चाचणीने विचारलाच नव्हता. बाहेरून रोखलेल्या ध्वनीने माणसाच्या शरीरात खोलवर पिशवी उघडता येते, एवढे मात्र तिने दाखवले. नेहमीच्या उपचारांत ही पद्धत अजून आलेली नाही.

बाई आता बऱ्या आहेत. हे सगळे कागदावर आकृत्या काढून मी त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, खोबरेल तेलाला मान डोलावली आणि विचारले, “आणि ज्या गाठी अजून दिसतच नाहीत, त्यांच्यावर ध्वनी कुठे रोखणार?”

त्यांचे बरोबर होते. शिरेतून औषध देण्याचा मूळ हेतूच हा, की सोनोग्राफीत न दिसणाऱ्या, इतरत्र गेलेल्या चार-दोन पेशींपर्यंतही ते पोहोचावे. तापवलेल्या गाठीत सगळी मात्रा काही उतरत नाही. उरलेल्या पिशव्या पुढच्या काही तासांत सावकाश गळतात, त्यांतले औषध शरीरभर फिरते, केसांच्या मुळांशीही जाते आणि हृदयाशीही. ऑक्सफर्डच्या त्या रुग्णांना दिलेली मात्राही दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम होती, म्हणजे साध्या औषधाच्या जवळपास तेवढीच. केस का गळतात, या बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे अजून तेच आहे.